मायराचा बिशप, मुक्काम मरोळ

आमच्या शाळेत सांताक्लॉज यायचा तो काळा, सडपातळ आणि चिडका होता. पोट नावालाही नव्हतं. लाल डगला त्याने एकदाही अंगात घातला नाही. 'हो हो हो' करून हसायला सांगितलं तर "कशासाठी?" म्हणून विचारायचा. इतिहासाच्या शिक्षकाला सांताक्लॉज केलं की दुसरं काय होणार!

मरोळच्या औद्योगिक वसाहतीच्या पाठीमागे आमची मराठी माध्यमाची शाळा होती. मी तिथे गणित शिकवायला लागले तेव्हा नवी नवरी होते आणि सर निवृत्तीला टेकले होते. त्यांचं नाव सांगत नाही, कारण ते त्यांना आवडलं नसतं. नावाचं त्यांना वावडंच होतं. आमच्या शाळेत प्रत्येक वस्तूवर कोणा ना कोणाचं नाव होतं. पाण्याच्या टाकीवर दात्याचं, घड्याळावर दात्याच्या आईचं, आणि स्टाफरूममधल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर 'कै.'पासून 'स्मरणार्थ'पर्यंत एक अख्खं वाक्य वाटून टाकलेलं. सर तो पंखा थंडीतही जोरात लावायचे. "फिरला की वाचता येत नाही. तेवढा वेळ ते दान खरं," असं म्हणायचे. आम्ही बायका पदर लपेटून गारठत बसायचो.

स्टाफरूमच्या खिडकीत आमचे सगळ्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले असायचे. त्या काळात स्टीलचं भांडं घेतलं की दुकानदार तिथल्या तिथे यंत्र लावून त्यावर नाव घालून द्यायचा, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत. नाव नसलेलं भांडं म्हणजे बारसं न झालेलं मूल, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. सरांचा डबा मात्र कोरा. त्यामुळे तो कोणाचा, हे शाळेत नव्याने आलेल्या माणसालाही दुसऱ्या दिवशी कळायचं. मी एकदा त्यांना तसं बोलून दाखवलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

शिकवायचे मात्र झकास. फळा असताना जमिनीवर खडूने हिंदुस्थानचा नकाशा काढायचे आणि पोरांना शहरं म्हणून उभं करायचे. "दिल्ली, तू खाली बस, फार बोलतेस. सुरत, नाक पूस." वरच्या मजल्यावर मी त्रैराशिक शिकवत असले की खालून ओरडा ऐकू यायचा, "साताऱ्याला कोणीतरी चिमटा काढला सर!" माझा वर्ग हसायला लागायचा आणि त्रैराशिकाची वाट लागायची.

सांताक्लॉजचं प्रकरण सुरू झालं ते समोरच्या कारखान्यामुळे. तिथे औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनायची आणि मालकांकडून दर नाताळला आमच्या मुलांना बिस्किटं मिळायची. त्यांचा एक अधिकारी लाल डगला, टोपी आणि कापसाची दाढी घेऊन यायचा. डगल्यात शिरायला माणूस मात्र शाळेने द्यायचा. आधीचे ड्रॉइंग मास्तर बदलून गेले तेव्हा मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची, नजर सरांवर गेली. सरांनी रोज वस्तरा फिरवायचा कंटाळा म्हणून दाढी राखली होती आणि ती पांढरीशुभ्र होती.

"दाढी घरचीच आहे. कापूस वाचेल," मोठ्या बाई म्हणाल्या.

"करतो," सर म्हणाले. "पण मी कोण आहे, ते मला आधी कळलं पाहिजे."

मग ते शाळा सुटली की मरोळच्या चर्चमध्ये जाऊन बसायला लागले. तिथल्या फादरांनी त्यांना जाडजूड इंग्रजी पुस्तकं दिली. सर ती काखेत मारून बोरीवलीला घरी न्यायचे आणि सकाळी डोळे लाल करून परत यायचे. गावठाणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती मुलांनी घरी जाऊन सांगितलं, त्यांच्या आयांनी आणखी कोणाला सांगितलं, आणि सर म्हातारपणी धर्म बदलतायत अशी आवई उठली. शिपायाने मला हळूच विचारलं, "बाई, मग सरांना आता सर म्हणायचं का फादर?"

डिसेंबर लागल्यावर सरांनी स्टाफरूममध्ये आपलं संशोधन जाहीर केलं.

"हा माणूस उत्तर ध्रुवावरचा नाहीच मुळी. तुर्कस्तानच्या किनाऱ्याला मायरा नावाचं गाव होतं, तिथला बिशप. निकोलस त्याचं नाव. चौथं शतक. गाव समुद्राकाठी, हवा उबदार. आपल्या वेंगुर्ल्याचा समजा."

"मग ती घसरगाडी? हरणं?" कोणीतरी विचारलं.

"मागाहून चिकटली. खलाशी याला फार मानायचे, त्यांनी त्याच्या गोष्टी बंदराबंदरातून नेल्या. त्याची हाडंसुद्धा उचलून इटलीत नेली. डच लोकांकडे पोरं त्याच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी बूट मांडून ठेवतात, सकाळी त्यात खाऊ असतो. त्याचा दिवस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, नाताळाशी त्याची गाठ नंतर पडली. मग डच अमेरिकेत गेले आणि हाही गेला. तिथे लठ्ठ झाला. अमेरिकेत गेलेलं कोण लठ्ठ होत नाही?"

नाताळच्या कार्यक्रमाला सर आले ते फादरांकडून मागून आणलेल्या पांढऱ्या पायघोळ झग्यात. डोक्यावर पुठ्ठ्याचा उंच टोकदार मुकुट. हातात बिशपची काठी हवी म्हणून आपली मुठीची छत्री उलटी धरलेली. कारखान्याचा अधिकारी लाल डगला हातात घेऊन वेड्यासारखा बघत राहिला. पहिलीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, सांताक्लॉज कधी येणार?"

"मीच तो. मूळचा."

"तुमची हरणं कुठायत?"

"मला हरणं माहीत नाहीत. मी होडीने येतो."

पुढे त्यांनी मुलांना तुर्कस्तान, इटली, हॉलंड असा सगळा प्रवास सांगितला. बिस्किटं राहिली बाजूला. अधिकाऱ्याने एक फोटो काढला आणि तो चिडून निघून गेला. मोठ्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण प्रार्थनेच्या हॉलबाहेर मुलांनी काढून ठेवलेल्या चपला असायच्या, आणि कार्यक्रम संपवून पोरं बाहेर आली तर प्रत्येकीच्या, प्रत्येकाच्या चपलेत एकेक संत्रं! एकच कल्ला झाला. काहींनी न बघताच पाय घातले आणि रस काढला. "कोणी ठेवली सर?" असं पोरं विचारत होती आणि सर मुकुट सावरत "मला काय ठाऊक?" म्हणत होते. त्यांच्या झग्याच्या बाहीला संत्र्याचा वास येत होता. त्या संत्र्यांमुळे पुढच्या वर्षीही पोरांनी हाच सांताक्लॉज मागितला, आणि मोठ्या बाईंना मान तुकवावी लागली.

हे सगळं गमतीचं झालं. सर मला खरे कळले ते परबबाईंच्या मुलीच्या लग्नात.

परबबाई आमच्या शाळेच्या क्लार्क. मूळच्या मालवणकडच्या, राहायला वाकोल्याच्या चाळीत. नवरा गिरणीत होता, तो मुलगी सुलभा पाळण्यात असतानाच गेला. बाईंनी एकटीने तिला वाढवलं, बारावी केलं, आणि आता तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला, हुंडा नको म्हणाले. फक्त मुलाच्या आत्याने सांगितलं होतं की संसाराची भांडी तेवढी पूर्ण द्या, मांडवात चार लोक बघतात. मागणी तशी रीतीचीच होती. पण परबबाईंनी साठवलेलं सगळं सासूच्या आजारपणात गेलं होतं.  टाइपरायटरवर त्यांची बोटं जास्त जोरात पडायला लागली, एवढंच.

स्टाफरूमला कळल्याशिवाय राहतंय थोडंच? आम्ही वर्गणी काढायचं ठरवलं. चांगुलपणाच होता तो, पण पहिला वाद झाला भांड्यांवर काय नाव घालायचं याचा. 'शिक्षकवृंद' घालायचं की 'शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी'? शाळेचं पूर्ण नाव की आद्याक्षरं? 'अंधेरी पूर्व' मावेल का? हे चालू असताना परबबाई हजेरीपत्रकं घेऊन दारात उभ्या होत्या, ते कोणी पाहिलंच नाही.

"माझी पोरगी रोज तुमच्या नावात आमटी ओतणार?" त्या शांतपणे म्हणाल्या. "सासरी प्रत्येक जण वाचणार, शाळेने दिलं म्हणून. नको. माका कोणाचे उपकार नको." आणि हजेरीपत्रकं टेबलावर ठेवून निघून गेल्या. सगळ्यांना राग आला. भलं करायला जावं तर हे असं, म्हणाले.

 संध्याकाळी शाळा सुटल्यावर सरांनी मला जिन्यात गाठलं.

"बाई, तो निकोलस रात्रीच का जायचा, ठाऊक आहे?"

"पोरं झोपलेली असतात म्हणून."

"पोरांचा काय संबंध! एक माणूस होता, आधी पैसेवाला, मग बुडालेला. तीन मुली लग्नाच्या, द्यायला काही नाही, पोरींचं वाटोळं व्हायची वेळ. आणि मागायचा तर ताठा जात नाही. निकोलसने खिडकीतून सोन्याची थैली आत फेकली. थोरलीचं लग्न झालं. मग दुसरीसाठी, मग तिसरीसाठी. तिसऱ्या वेळी बाप पाळत ठेवून बसला आणि त्याने पकडला. निकोलस म्हणाला, मी जिवंत आहे तोवर कोणाला सांगायचं नाही. या सगळ्या सांताक्लॉजचं मूळ एवढंच आहे, बाई. बापाला मान खाली घालायला लागू नये म्हणून अंधार लागत होता."

मग घसा साफ करून म्हणाले, "मला भांड्यांतलं काही कळत नाही. तुम्ही माझ्याबरोबर अंधेरीला चला."

आम्ही गेलो. मी पातेल्यांची चळत, परात, कढई, डबे, तांब्या-भांडं, ताटं-वाट्या असं एकेक काढून घेतलं. माझं स्वतःचं लग्न ताजंच असल्यामुळे यादी तोंडपाठ होती. सर प्रत्येक भांडं वाजवून बघत होते, कशासाठी ते त्यांनाच माहीत. सरांना बायको-पोरं नव्हती, खर्च पुस्तकांचा तेवढा. सगळं बांधायच्या आधी दुकानदार शेठने नाव घालायचं यंत्र हातात घेतलं.

"नाव बोला, मास्तर."

"नाव नाही घालायचं."

"फुकट घालून देतो मी."

"फुकट दिलंत तरी नको."

शेठ माझ्याकडे बघायला लागला. "लग्नाचा भांडा बिगर नावाचा? मग तो कोणाचा?"

"ज्याच्या घरी असेल त्याचा," सर म्हणाले. मी म्हटलं, "सर, चाळीत लोक विचारतील." सर म्हणाले, "विचारू देत. मायरातही विचारलंच असणार." त्यांना इतका आनंद झाला होता की पुढे मीही काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शेठच्या हातगाडीवरून भांडी वाकोल्याला पोचली. खिडकीतून फेकणं वगैरे शक्यच नव्हतं. त्या चाळीत खिडकी उघडते ती सगळ्यांच्या गॅलरीत, आणि दुपारी तिथे अर्धी चाळ तांदूळ निवडत बसलेली असते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा आणि सरांचा मोकळा तास होता. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच. परबबाई आत आल्या, दार लोटून घेतलं, पिशवीतून एक पातेलं काढलं आणि खिडकीत सरांच्या डब्याशेजारी नेऊन ठेवलं.

"या शाळेत बिननावाचं भांडं एकाच माणसाकडे आहे," त्या म्हणाल्या.

सर छत्रीची मूठ घट्ट धरून बसले. एरवी कोणी भूक लागली म्हटलं तरी जे मोहेंजोदडोपासून सांगायला लागायचे, ते गप्प. आणखी काय पुरावा पाहिजे होता?

"काल हातगाडीवाला आला. पैसे भरलेत म्हणाला आणि गेला. कोणी भरले, तर सांगू नको म्हणून सांगितलंय." बाईंचा आवाज रागाने चढत होता. "आज सकाळी नळावर मला विचारलं, कोण गो तो? नळावर! माका! वीस वर्सां झाली हे जाऊन. कोणाची मान वर करून माझ्याकडे बघायची टाप नव्हती. आणि आता म्हणतात, परबीण लपवत होती."

"मला वाटलं," सर म्हणाले, "नाव नसलं की ओझं नसतं."

"नाव नसलं की लोक मनातलं नाव घालतात, सर."

"मी येतो. चाळीत सगळ्यांना सांगतो की मी..."

"काय सांगणार? एकटा पुरुष, घरात बायको नाय, पोर नाय, आणि तो परबिणीला हातगाडीभर भांडी देतो? मुलाची आत्या दोन गल्ल्या सोडून राहते. तुम्ही तोंड उघडलंत तर लग्न तिथल्या तिथे मोडेल."

"मग परत नेऊ या," मी म्हटलं.

"परत गेली तर म्हणतील, भांडण झालं वाटतं."

सरांचा चेहरा पडला. मला त्यांची अतोनात कीव आली. मायराच्या त्या घरात बाप होता. खिडकीतून थैली पडली तर तो ती स्वतःची म्हणून मिरवू शकत होता. इथे घरात पुरुषच नव्हता, आणि एकट्या बाईच्या दारात आलेल्या कशालाही लोक पुरुष चिकटवतात. जाडजूड पुस्तकांत हे लिहिलेलं नव्हतं, आणि मला बाई असून सुचलं नव्हतं.

परबबाईंनी पातेलं उचलून उलटसुलट करून पाहिलं. मग ते परत पिशवीत टाकलं.

"तो शेठ नाव फुकट घालून देतो ना?"

"देतो," मी म्हटलं.

"कोणाचं घालणार?" सरांनी घाबरून विचारलं.

"पोर माझी आहे. ते मी बघीन," असं म्हणून त्या गेल्या.

लग्नापर्यंत सरांनी माझं डोकं खाल्लं. "माझं नाव घातलं तर मी मांडवातून उठून जाईन." मग थोड्या वेळाने, "आणि शाळेचं घातलं तर त्या बाई जन्मभर जळतील." एकदा तर म्हणाले, "बाई, त्या आत्याला कळलं असेल का हो?" कळलं होतं. भांडी आल्याची बातमी आत्याकडे पोचली होती आणि ती काही न बोलता लग्नात काय ते बघणार होती. परबबाईंनीच मला हे सांगितलं, टाइप करता करता, वर न बघता.

लग्न सांताक्रूझला एका हॉलमध्ये होतं. अक्षता पडल्या, आणि बायका रुखवताच्या टेबलाभोवती जमल्या. लोकरीची बदकं, साखरेचा बंगला, आणि त्यांच्या मागे सरांची भांडी, घासूनपुसून लखलखीत. सर माझ्या आधी पुढे घुसले आणि चष्मा कपाळावर सरकवून वाकले. मीही वाकले.

मोठ्या पातेल्यापासून छोट्या वाटीपर्यंत प्रत्येक भांड्यावर एकच मजकूर होता. 'चि. सुलभा हिस, बाबांकडून.'

मुलाची आत्या तिथेच उभी होती. "बाबांकडून म्हणजे?" ती मोठ्याने म्हणाली. "हिचे वडील तर कधीच गेले ना?"

"गेले," परबबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात आहेराच्या साड्या होत्या. "पोर झाली त्या वर्षी त्यांनी दुकानात भांड्यांची भिशी लावली होती, हिच्या लग्नासाठी. पगार झाला की नेऊन भरायचे. मलाही बोलले नव्हते. शेठ इमानी माणूस, पत्रिका पोचली तशी धाडली."

बोलताना त्या एकदाही अडखळल्या नाहीत. पण आत्या काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने सरांकडे मोर्चा वळवला. "तुम्ही शाळेतले इतिहासाचे मास्तर ना? काय हो, वीस वर्षं कोणी दुकानदार लक्षात ठेवतो का?"

 ज्या माणसाने पहिलीतल्या पोरीसाठीसुद्धा चार हरणं खोटी आणली नाहीत, त्याला ती विचारत होती.  सर सावकाश सरळ उभे राहिले.

"ठेवतो," ते म्हणाले. "मी त्या दुकानात होतो. माझ्यासमोर बांधली ही भांडी. मी म्हटलं, कोणाची हो? तर शेठ म्हणाला, एका गिरणीतल्या माणसाची. पोरीसाठी ठेवून गेलाय."

"मी पण होते," मी म्हटलं. "हीच भांडी."

आत्याने परात उचलून तिचं वजन पाहिलं. "जाडीला चांगली आहेत," ती म्हणाली. "नशीबवान आहे पोर. बाप असावा तर असा." आणि ती परात खाली ठेवून ओटीच्या गडबडीला लागली. नळावरच्या दोघी-तिघी तिथे होत्या, त्यांनीही आपापसात माना डोलावल्या.

सुलभा नवऱ्याबरोबर मोठ्यांना नमस्कार करत फिरत होती, ती आमच्यापर्यंत आली. तिने सगळं ऐकलं होतं. वडिलांना तिने फोटोतच पाहिलेलं. सरांच्या पाया पडायला ती वाकली तर सर झटकन बाजूला झाले. "मला नको. त्यांना कर," म्हणाले आणि टेबलाकडे हात केला. ती मुंडावळ्या सावरत भांड्यांपुढे वाकली, त्या मोठ्या पातेल्यावर तिने दोन्ही हात ठेवले आणि किती तरी वेळ ते उचललेच नाहीत. मला रडू आवरलं नाही. सरांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

जेवणाची पहिली पंगत मांडली गेली. सर अशा ठिकाणी लवकर जेवून सटकायचे, बोरीवली लांब पडतं म्हणून. ते पानाकडे निघाले तेवढ्यात परबबाईंनी त्यांना आडवा हात केला.

"सर, तुम्ही आता बसायचं नाही."

"का हो?"

"ही पाहुण्यांची पंगत. मुलीकडचे शेवटी जेवतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही आमच्यात बसा."

सरांना भूक सहन व्हायची नाही, सगळ्या शाळेला ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र ते वरण वाढायचं पातेलं हातात घेऊन दोन पंगतींमधून फिरले, आणि सगळे उठून गेल्यावर परबबाईंच्या भावाशेजारी मांडी घालून जेवायला बसले.